दावणीवरचा फोटो

सांगलीहून इस्लामपूरचा रस्ता धरला की दोन्ही अंगांनी ऊस लागतो आणि त्या उसातच आष्टा येतं. वाळवा तालुक्यातलं हे गाव नगरपरिषदेचं. 2011 च्या जनगणनेत लोकवस्ती 37 हजारांच्या घरात. अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बाजारपेठ आहे, भावईच्या उत्सवात जोगण्यांचे मुखवटे बघायला बाहेरगावी गेलेली माणसंही परत येतात. शेतीचं म्हणाल तर नांगरटीपासून सरी सोडण्यापर्यंत ट्रॅक्टर शिरलाय. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर दिसतात, पण त्या बहुतेक मराठवाड्यातून आलेल्या तोडणी कामगारांच्या. घरचा बैल शेतातून जवळपास उठला. फोनमधून मात्र तो उठायला तयार नाही.

बाकीच्या महाराष्ट्रात पोळा येतो तो श्रावण-भाद्रपदाच्या अमावास्येला. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे त्याआधीच बेंदूर होऊन गेलेला असतो. ज्येष्ठातला कर्नाटकी आणि आषाढातला महाराष्ट्रीय. त्या दिवशी सकाळी बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, झूल चढवायची, गोंडे बांधायचे आणि नैवेद्य दाखवायच्या आधी फोन काढायचा. दुपारपर्यंत आष्टा, बावची, बागणी, कारंदवाडी, दुधगाव या पट्ट्यातल्या बैलगाडी शर्यतीच्या शौकिनांचे व्हॉट्सॲप गट खिल्लार बैलांच्या फोटोंनी भरून जातात. ज्यांच्या दारात आता बैल नाही, तेही या गटांत असतात. कुणी पुण्यात कंपनीत आहे, कुणी मुंबईत, कुणी आखातात. त्यांच्याकडे टाकायला ताजा फोटो नसतो, म्हणून ते आजोबांच्या जोडीचा जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो मोबाइलने टिपून टाकतात. त्यावर खाली लगेच विचारणा येते, जोड कुठली, खरसुंडीची का?

या गटांना कुणी पाठबळ दिलेलं नाही, कुठल्या योजनेतून ते निघालेले नाहीत. नाद एक, एवढंच त्यांचं भांडवल. पण एक गोष्ट विचार करायला लावते. शेजाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेताना जी माणसं हातचं राखून वागतात, तीच माणसं ज्यांचं तोंडही पाहिलेलं नाही अशा शेकडो जणांना रोज आपल्या घरातला फोटो कशी दाखवतात?

फोटो कसा वाचतात

आधी फोटो काय करतो ते पाहू. शर्यतीच्या नादातला फोटो नुसता बघायचा नसतो, वाचायचा असतो. खोंड टणक जमिनीवर, कुशीच्या बाजूने उभा केलेला, मान वर. जाणकाराची नजर आधी डोक्यावर जाते. शिंगं मुळाशी जवळजवळ, मागे जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली हवीत. कपाळ अरुंद, मध्ये खाच. वशिंड बसकं नको, कातडी अंगाला घट्ट आणि चकचकीत, खूर काळे. रंग कोसा आहे की पांढरा, यावरच पंधरा निरोप पडतात. खिल्लारात आटपाडीकडची ठेवण वेगळी, म्हसवडकडची वेगळी, असं मानणारी मंडळी नुसत्या फोटोवरून जनावराचं गाव सांगू पाहतात. कधी बरोबर निघतं, कधी गटभर वाद पेटतो.

मग मागणी येते, दात दाखवा. या फोटोत एका हाताने खोंडाचा खालचा ओठ ओढलेला असतो आणि पुढचे आठ दात दिसतात. सगळे दुधाचे असले तर तो आदत. मधले दोन पडून कायमचे आले तर दुसा, चार आले तर चौसा. शर्यतीत आदतांचा गट वेगळा असल्यामुळे या एका फोटोवर व्यवहार ठरतो. दातांसोबत माणसाचा हातही त्यात येतो: फुटलेली नखं, मनगटातला काळा दोरा, कधी गोंदलेलं नाव. अनोळखी माणसाची ओळख इथे तोंडाआधी हाताने होते.

याचा पुढचा टप्पा म्हणजे पैरा. एकाच्या दावणीला एकच पळणारा बैल असतो. शर्यतीला दोन लागतात. मग दुसऱ्या गावातल्या मालकाचा बैल जोडीला घ्यायचा, छकडा म्हणजे शर्यतीची गाडी एक, बक्षीस वाटून. पूर्वी असा पैरा जत्रेत किंवा पाव्हण्यांच्या ओळखीतून जमायचा. आता तो फोटोवरून आणि पाच-पंचवीस सेकंदांच्या व्हिडिओवरून जमतो. वाळव्याचा बैल आणि माण-खटावचा बैल पहिल्यांदा एकमेकांशेजारी उभे राहतात ते थेट मैदानात, पण त्यांच्या मालकांनी महिनाभर एकमेकांचे गोठे फोनवर पाहिलेले असतात. तोवर बैलाच्या फोटोमागोमाग बाकीचंही सुरू झालेलं असतं. पोरीचं बारसं, विहिरीला लागलेलं पाणी, आईचं ऑपरेशन. पैऱ्याचं नातं लग्नाच्या पत्रिकेपर्यंत जातं, ते यामुळेच.

बंदीच्या काळातला पुरावा

या मंडळींना फोटोची दुसरी बाजू ठाऊक नाही असं नाही. ती त्यांनी आठेक वर्षं भोगलेली आहे. 2011 मध्ये केंद्र सरकारने खेळ-तमाशासाठी ज्या प्राण्यांचा वापर करता येत नाही, त्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसोबत बैलगाडी शर्यतींनाही मनाई केली. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. शेवटी 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

मधल्या काळात शर्यती पूर्ण थांबल्या नव्हत्या, त्या चोरून होत. ऑगस्ट 2021 मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे इथे आमदार गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकाराने बंदी असताना झालेली शर्यत तर राज्यभर गाजली. त्या वर्षांत गटात टाकलेला फोटो म्हणजे हौसही होती आणि स्वतःविरुद्धचा पुरावाही. मागच्या डोंगराच्या कडेवरून माळ कुठला ते ओळखता येई, गर्दीतले चेहरे ओळखता येत, छकड्यावरचं नाव वाचता येई. शौकिनांनी तेव्हा आपसूक काही सवयी लावून घेतल्या. मैदानाचं नाव लिहायचं नाही, तोंडं दिसणारा फोटो टाकायचा नाही, नवा माणूस कुणाच्या ओळखीने आला ते विचारायचं.

बंदी उठली आणि या सवयीही उठल्या. आता शर्यतींचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. पैलवान चंद्रहार पाटील यांनी 2023 मध्ये विट्याजवळच्या भाळवणीत घेतलेल्या मैदानात पहिल्या क्रमांकाला थार गाडी होती. बकासुरासारख्या बैलाचं नाव शर्यत कधी न पाहिलेल्या पोरांनाही पाठ आहे. बैलांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चौकात लागतात, रीलला गाणं जोडलं जातं. लपवायचं काही उरलं नाही, असा सगळ्यांचा समज झाला. पण पोलिसांपासून लपवायचं उरलं नाही आणि कुणापासूनच लपवायचं उरलं नाही, या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे.

कडेला उभं असलेलं घर

आपल्याकडच्या जुन्या घराची रचना आठवून पाहा. पुढे सोपा, आत माजघर. सोप्यावर कुणीही येऊन बसावं, पानसुपारी घ्यावी, राजकारण करावं. माजघरात जाणारी माणसं वेगळी. कुणी पाटी लावलेली नसे, तरी पाव्हण्याला आपलं पाऊल कुठे थांबवायचं ते कळत असे. फोनमधल्या फोटोला ही भिंत नाही. त्यात सोपा आणि माजघर एकाच चौकटीत येतात.

बैलाचा म्हणून काढलेला एखादा फोटो सावकाश पाहिला की हे ध्यानात येतं. मध्ये खोंड. डाव्या अंगाला पत्र्याच्या दारावर मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर, कारण तिथे दूध संकलनाचा फलकही आहे. दुचाकीची पाटी स्वच्छ वाचता येते. दोरीवर शाळेचा गणवेश वाळत घातलाय, खिशावरचा बिल्ला समोर. बैलाच्या कानात पिवळा टॅग, त्यावर 12 आकडी क्रमांक. हा क्रमांक म्हणजे जनावराची सरकारदरबारची ओळख. लसीकरणाची नोंद, खरेदी-विक्री, वाहतूक, सगळं त्याला बांधलेलं. आणि अगदी कडेला, अर्धी कापलेली, हातात पाटी घेतलेली एक बाई.

ही बाई या सगळ्या नादातली सगळ्यात दुर्लक्षित व्यक्ती आहे. गटात बहुतेक पुरुषच. बैलाला पहाटे पेंड-भरडा कोण कालवतं, मालक मैदानाला गेला की दावणीचं शेण कोण काढतं, खोंड उधळला तर नावाने हाक मारून कोण थांबवतं, याचं उत्तर बहुतेक घरांत एकच आहे. बैलाचा फोटो घेताना त्याच्या अंगावरची माशी हाकलतात, झूल सारखी करतात. तिला मात्र कुणी विचारत नाही. विस्कटलेल्या केसांनी, घरातल्या साडीत ती शेकडो फोनांवर जाऊन पोचते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. कधी याच्या उलट होतं. कौतुकाने तिचा बैलासोबतचा फोटो टाकला जातो, तो कुणीतरी उचलतो, त्यावर गाणं चढवतो आणि तो भलत्याच पानावर फिरू लागतो. टाकणाऱ्याचा हेतू चांगला होता, एवढ्याने तिचा त्रास कमी होत नाही.

फोटोच्या पोटातही माहिती असते. फोनचा कॅमेरा फोटोसोबत वेळ, फोनचा प्रकार आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही नोंद गळून पडते. पण फोटो फुटू नये म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायची सवय अनेकांना आहे, आणि तसा पाठवला की नोंद जशीच्या तशी जाते. लाखांच्या बोलीचा बैल कुठल्या वस्तीवर, कुठल्या गोठ्यात बांधलाय, याचा पत्ता आपणच देऊन बसतो.

फसवणुकीचा साधा प्रकारही याच फोटोंवर उभा आहे. दुसऱ्याच्या खोंडाचा किंवा म्हशीचा फोटो उचलायचा, आपला म्हणून विकायला लावायचा, भाव जरा कमी सांगायचा आणि गिऱ्हाईक गळाला लागलं की इसार म्हणून ऑनलाइन पैसे मागायचे. जनावर बघायला माणूस पोचतो तेव्हा तिथे गोठाच नसतो. मूळ मालकाला भलत्याच जिल्ह्यातून शिव्या घालणारे फोन येतात. असं झालं तर 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवावं. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

लंपीच्या दिवसांत

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग फोटो टाकूच नयेत. हा सल्ला शहरात बसून द्यायला सोपा आहे. 2022 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लंपी त्वचारोग पसरला तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, जनावरांची वाहतूक रोखली गेली. दुसऱ्याच्या गोठ्यात जायचीही भीती, कारण रोग माशा, डास, गोचिडांमार्फत पसरतो. त्या दिवसांत याच गटांनी आधार दिला. अंगावर आलेल्या गाठीचा जवळून काढलेला फोटो, सुजलेल्या पायाचा फोटो, खाणं सोडलेल्या बैलाच्या डोळ्यांचा फोटो. खाली ज्यांच्या गोठ्यात रोग येऊन गेला होता त्यांचे अनुभव, जवळच्या पशुवैद्यकाकडे चला असा तगादा, लसीकरण कुठे चालू आहे त्याची खबर. त्यात गावठी उपायांचा सुळसुळाटही झाला, आणि चुकीचा सल्ला चांगल्या सल्ल्याइतक्याच वेगाने फिरला. तरी एकट्या गोठ्यात आजारी जनावराजवळ रात्र काढणाऱ्या माणसाला, आपण एकटे नाही, हे त्या निरोपांनीच सांगितलं.

पळणारा बैल गेला की गटात त्याचा हार घातलेला फोटो येतो. शेकडो माणसं श्रद्धांजली वाहतात. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण दहा वर्षं घरात वाढलेलं जनावर गेल्यावर मालकाच्या सख्ख्या भावाला जे कळत नाही, ते दोनशे किलोमीटरवरच्या, कधी न भेटलेल्या शौकिनाला कळतं. खासगी फोटो दाखवण्यामागचं खरं कारण इथे आहे. आपल्या वस्तूची किंमत ज्याला कळते, त्यालाच ती दाखवावीशी वाटते. घरचे म्हणतात, एवढा पैसा बैलावर घालवलास. गट म्हणतो, वशिंड बघा काय भरलंय.

कृष्णाकाठाला फोटो टाकायचं आणखी एक कारण आहे. 2005, 2019 आणि 2021 चे पूर या भागाने पाहिले. कागदावरचे फोटो पाण्यात एकमेकांना चिकटले की वेगळे होत नाहीत. ज्याने आजोबांच्या जोडीचा फोटो कधीतरी गटात टाकून ठेवला होता, त्याला तो निदान दुसऱ्याच्या फोनमधून परत मिळू शकतो.

कायदा कुठवर येतो

कायदा आहे, पण तो या सोप्यापर्यंत पुरता पोचत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. स्वतःची माहिती स्वतःच जाहीर केली असेल तर तीही बाहेर. म्हणजे मित्राने मित्राच्या घरचा फोटो पुढे ढकलला, तर हा कायदा सहसा कामाला येणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण ते कलम संमतीविना शरीराच्या खासगी भागाचं चित्र काढण्या-पसरवण्यापुरतं. दावणीजवळ उभ्या असलेल्या बाईचा साधा फोटो त्यात बसत नाही.

मालकीचा मुद्दाही गमतीचा आहे. बैल तुमचा, गोठा तुमचा, पण कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोवरचा पहिला हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा. पैसे देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर तो काढवून घेणाऱ्याचा. मैदानात स्वतःहून फोटो काढून त्यावर आपलं नाव छापणाऱ्या पोराशी बैलमालकाने कितीही भांडण काढलं, तरी कायदा पोराच्या बाजूला झुकेल.

राहिला ॲडमिन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. एका गटात आता 1024 माणसं मावतात. इतक्यांच्या वागण्याची हमी एक माणूस घेऊ शकत नाही हे खरंच. पण या निकालाचा आधार घेऊन ॲडमिन झोपून राहिला, तर गट राहणार नाही, नुसती गर्दी राहील.

दुसऱ्या नादांकडून शिकावं असं

जगातल्या दुसऱ्या हौशी मंडळींनी यावर डोकं चालवलंय. पक्षी-प्राण्यांच्या नोंदी आणि फोटो ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्टवर, धोक्यात असलेल्या जातींच्या नोंदीची नेमकी जागा आपोआप झाकली जाते. बाहेरच्याला फक्त मोठा चौकोन दिसतो. ई-बर्डवरही संवेदनशील पक्ष्यांबाबत अशीच काळजी घेतात. कारण साधं आहे. घरट्याचा सुंदर फोटो आणि त्याचा पत्ता एकत्र मिळाला की पाठोपाठ शिकारीही येतो. आष्ट्यापासून फार लांब नसलेल्या सागरेश्वर अभयारण्यात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या पोरांना हे माहीत असतं. गंमत अशी की घरट्याची जागा झाकणारा पोरगा घरी येऊन स्वतःच्या पुतण्याचा शाळेच्या नावासकट फोटो बिनदिक्कत टाकतो.

बैलाच्या गटांना फार काही नवं करायचं नाही. बंदीच्या काळात लावलेल्या सवयींतल्या निम्म्या पुन्हा उचलल्या तरी पुरे. नवा सदस्य कुणाच्या ओळखीने आला ते विचारावं. कानातल्या टॅगचा क्रमांक आणि दारावरचा नंबर फोटोतून कापावा. विक्री पक्की झाली की टॅगचा क्रमांक समोरच्याला एकट्याला पाठवता येतो. पैऱ्यातल्या माणसांसाठी छोटा गट वेगळा ठेवावा, मोठ्या गटात फक्त बैल. घरच्या पोराबाळांचे फोटो छोट्या गटातच राहू द्यावेत. एकदाच पाहता येणारा फोटो पाठवायची सोय व्हॉट्सॲपने 2021 मध्ये दिली, आणि फोटो आपोआप सगळ्यांच्या गॅलरीत उतरू नयेत अशी सोयही आता आहे. दोन्ही वापराव्यात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढणाऱ्याला कुठलीच सोय अडवू शकत नाही.

खरी गोष्ट सोयींच्या पलीकडची आहे. आपण भरवसा टाकतो तो माणसावर, आणि तो बहुधा चुकत नाही. एका नादाची माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, हे लंपीच्या दिवसांत दिसलं. पण फोटो त्या माणसापाशी थांबत नाही. तो त्याच्या मेहुण्याच्या फोनमध्ये जातो, मेहुण्याच्या दुसऱ्या गटात जातो, आणि तिथल्या कुणाला ना बैलाची कदर असते ना घराची. म्हणून पुढे ढकलण्याआधी मूळ मालकाला विचारणं हा या गटांचा पहिला नियम व्हायला हवा, आणि तो मोडणाऱ्याला दुसऱ्यांदा संधी मिळू नये. शर्यतीत बैलाला काठी-चाबूक लावणाऱ्याची गाडी बाद करायला हीच मंडळी आता कचरत नाहीत. बैलाला त्रास होऊ नये म्हणून एवढे नियम पाळता येतात, तर फोटोच्या कडेला उभ्या असलेल्या बाईला "वहिनी, टाकू का?" एवढं विचारायला कुठल्या न्यायालयाच्या निकालाची वाट बघायची?